गुरुस्नेहाचीं साधनें : सातारच्या शाळेंतील एका नोंदीच्या निमित्तानें

मोडी कागद चाळणाऱ्या कोणाही अभ्यासकास लेखनाच्या वळणाची ओळख लवकरच पटते. हा कागद चिटणिशी वळणाचा, तो बिवलकरी, हा महादेवपंती, असें आपण म्हणतों तेव्हां वस्तुतः एका गुरूचा हात त्याच्या शिष्याच्या, आणि त्या शिष्याच्याही शिष्याच्या हातांत पाहात असतों. ज्यानें कित्ता घालून दिला तो माणूस गेला, त्याचें घर पडलें, त्याचा वंशही कदाचित् उरला नाहीं; परंतु अक्षराची एखादी गांठ किंवा लांब ओढलेला एखादा फांटा शंभर वर्षांनंतरच्या कागदावर जशाचा तसा सांपडतो.

हाताचें वळण असें कागदावर उमटतें. मनास लागलेलें वळण उमटत नाहीं. शिक्षकानें लहान मुलावर केलेली माया त्या मुलास जन्मभर पुरते, ही गोष्ट आपण बोलतांना सहज बोलून जातों. पण संशोधकांच्या बैठकींत कोणी ‘यास आधार काय?’ म्हणून विचारलें, तर उत्तर देणाऱ्याची पंचाईत होते. आधार असतो, पण तो कोणत्या जातीच्या कागदांत असतो, तो कधीं लिहिलेला असतो, आणि त्यावर किती भार घालावा, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाहीं. तो विचार एका सुप्रसिद्ध उदाहरणावरून येथें करण्याचें आम्ही योजिलें आहे.

जुन्या पंतोजींच्या शाळांविषयीं कागद अगदींच नाहींत असें नाहीं. मुंबई इलाख्यांतील देशी शाळांची जी मोजणी इंग्रज सरकारनें करविली, तींत सन १८२९ च्या सुमारास १,७०५ शाळा व ३५,१४३ विद्यार्थी दाखविलेले आहेत. परुळेकरांनीं या मोजणीचे कागद संपादून प्रसिद्ध केल्यामुळें अभ्यासकांची मोठीच सोय झाली आहे. गांवांत मुलें किती, पंतोजीस काय मिळे, शाळा देवळांत भरे कीं कोणाच्या ओसरीवर, असल्या गोष्टी अशा कागदांवरून काढतां येतात. परंतु कोणत्या पंतोजीनें कोणत्या मुलाच्या पाठीवरून हात फिरविला, हें त्यांत नाहीं. तसा रकानाच नव्हता. छडीची आठवण मात्र पुष्कळांनीं लिहून ठेविली आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं आपल्या शाळांतील स्वानुभव लिहिले आहेत, ते वाचकांपैकीं अनेकांच्या पाहण्यांत असतील. त्यांत शिक्षकांवर जे कोरडे ओढले आहेत ते ओढणाऱ्याच्या मनांतून तीं वर्षें कधीं गेलीं नाहींत हें उघड दिसतें. उपेक्षाही जन्मभर पुरते. आणि ती लिहून ठेवण्याची प्रवृत्ति मायेपेक्षां कांकणभर अधिकच.

आतां साताऱ्याकडे वळूं. ज्या शाळेस आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात, त्या इंग्रजी शाळेच्या नोंदवहींत ७ नोव्हेंबर १९०० या दिवशीं १९१४ व्या क्रमांकास भिवा रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याचें नांव दाखल झालेलें आहे. हे पुढें डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा. म्हणजे नोंदीच्या दिवशीं मुलगा नऊ वर्षांचा होता. सन २०१७ पासून महाराष्ट्र शासन हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळीत आलें आहे, त्यामुळें या नोंदीचें छायाचित्र पुष्कळांनीं पाहिलें आहे. साधन म्हणून तिची योग्यता अव्वल दर्जाची. ती घटनेच्या दिवसाची आहे; ज्याचें तें कामच होतें अशा माणसानें ती केली आहे; आणि मुलगा पुढें कोण होणार हें लिहिणारास ठाऊक नसल्यामुळें त्याच्या हातून पक्षपात होण्याचा संभव नाहीं.

परंतु ही अव्वल नोंद आपणांस सांगते तरी किती? नांव, दिवस, इयत्ता. मुलगा दुपारीं काय खाई, पावसांत भिजला तर त्याचें कोण पाही, याविषयीं ती मुकी आहे.

हें सांगणारें साधन सत्तेचाळीस वर्षांनीं उजेडांत आलें. आचार्य अत्रे यांच्या ‘नवयुग’ साप्ताहिकानें १३ एप्रिल १९४७ रोजीं आंबेडकर विशेषांक काढला. त्यांत बाबासाहेबांच्या बालपणींच्या ज्या आठवणी आल्या, त्यांत साताऱ्याचे दोन मास्तर आहेत. पहिले आंबेडकर मास्तर. पुढील चरित्रकारांनीं त्यांचें नांव कृष्णाजी केशव असें दिलें आहे. शिष्याच्या सांगण्याप्रमाणें हे मास्तर वर्गांत फारसें शिकवीत नसत. पण त्यांचा या मुलावर फार लोभ होता. मुलाचें घर शाळेपासून दूर; मधल्या सुटींत त्यानें घरीं धांवत जावें हें त्यांस बघवेना, म्हणून ते आपल्या फडक्यांत भाजीभाकरी जास्त बांधून आणीत आणि ती त्यास रोज न चुकतां देत. दुसरे पेंडसे मास्तर. एकदां हा मुलगा भर पावसांत हट्टानें भिजत शाळेंत आला, तेव्हां त्यांनीं आपल्या मुलाबरोबर त्यास आपल्या घरीं पाठविलें, ऊन पाण्यानें स्नान घालविलें, ओले कपडे वाळत घालून नेसावयास लंगोटी देवविली, आणि तसेंच वर्गांत येऊन बसावयास सांगितलें. मुलास बिचाऱ्यास वाटत होतें कीं आज सुटी मिळाली!

या आठवणींचें मोल कसें करावें? सत्तेचाळीस वर्षांनंतरचें स्मरण, तेंही विशेषांकाकरितां, म्हणून कांहीं कठोर परीक्षक हें साधन दुय्यम ठरवितील. आमचें मत थोडें निराळें आहे. जी गोष्ट सांगणाराच्या थोरवीस पोषक असते ती कालांतरानें फुगते, हा आपला नित्याचा अनुभव. येथें लंगोटीनें वर्गांत बसल्याची लाज आहे, ‘मास्तर शिकवीत नसत’ अशी कबुली आहे. असले तपशील कोणी शोभेसाठीं घालीत नाहीं. शिवाय आंबेडकर मास्तरांचा संबंध बालपणींच तुटला नव्हता. सन १९३० मध्यें बाबासाहेब गोलमेज परिषदेकरितां विलायतेस निघाले तेव्हां या मास्तरांनीं त्यांस एक प्रेमाचें पत्र पाठविलें, व तें आपण संग्रहीं जपून ठेविलें आहे, असें त्याच आठवणींत सांगितलेलें आहे. भाकरीस साक्ष नाहीं. परंतु पत्र मिळालें, आणि ज्याच्या टेबलावर देशोदेशींच्या पत्रांचे ढीग पडत त्यानें तें एवढें जपलें, ही गोष्ट भाकरीच्या बाजूनें बरेंच कांहीं बोलते.

मात्र याच शाळेविषयीं याच लेखकाची दुसरी एक साक्ष आहे, आणि ती बाजूस सारून पहिली वाचणें हा अप्रामाणिकपणा होईल. बाबासाहेबांनीं १९३५ च्या सुमारास इंग्रजींत कांहीं अनुभव लिहिले. ते ‘वेटिंग फॉर ए व्हिसा’ या नांवानें १९९० त पुस्तिकारूपानें निघाले. त्यांत साताऱ्याच्या दिवसांचें वर्णन आहे. वर्गांत सर्वांपासून दूर, कोंपऱ्यांत बसावयाचें. बसावयास गोणपाटाचा तुकडा घरून आणावयाचा व संध्याकाळीं परत न्यावयाचा, कारण शाळा झाडणारा नोकरही त्यास शिवत नसे. तहान लागली तर इतर मुलांस मास्तरांची परवानगी पुरे होई; याला परवानगी पुरेशी नव्हती, शिपायानें येऊन नळ सोडला पाहिजे. शिपाई नसला कीं त्या दिवशीं पाणी नाहीं.

वाचकांनीं येथें थोडें थांबावें. मास्तरांची परवानगी पुरेशी नव्हती. म्हणजे ज्या शाळेंत एक मास्तर भाकरी बांधून आणीत होते व दुसरे आपल्या घरीं स्नानास पाठवीत होते, त्याच शाळेंत पाण्याच्या नळापाशीं मास्तरांची सत्ता संपत होती. किंवा ती त्यांनीं तेथवर चालविली नाहीं. दोन्ही साक्षी खऱ्या आहेत. भाकरीची आठवण पुढें करून गोणपाट झांकणारे लेखक आम्ही पाहिले आहेत, तसेंच गोणपाट पुढें करून भाकरी खोटी ठरविणारेही पाहिले आहेत. स्वतः शिष्यानें दोहोंपैकीं एकही गोष्ट सोडलेली नाहीं. आमच्या मतें या मायेचें वजन त्या गोणपाटामुळेंच कळतें. भरल्या घरच्या मुलास मास्तरांनीं खाऊ दिला तर तो चार दिवसांत विसरतो. ज्यास पाणीसुद्धां शिपायाच्या सोयीनें मिळे त्याच्या ध्यानांत फडक्यांतली भाकरी पांच तपें राहिली तर आश्चर्य नाहीं. पांच तपें म्हणतांना आम्ही थोडी अतिशयोक्ति केली; हिशेबानें तीं चारच भरतात.

आतां आडनांवाचा वाद. बाबासाहेबांच्या घराण्याचें मूळ गांव रत्नागिरी जिल्ह्यांतील आंबडवे. मूळ आडनांव सकपाळ. गांवावरून पडलेलें ‘आंबडवेकर’ हें नांव उच्चारास अवघड म्हणून मास्तरांनीं आपलेंच ‘आंबेडकर’ हें नांव त्यास दिलें व शाळेच्या पुस्तकांत तसें लिहिलें, असें ‘नवयुगां’तील आठवणींत आहे, आणि चरित्रग्रंथांतून तें सर्वत्र पसरलें. खैरमोडे यांच्या बृहच्चरित्राचा पहिला खंड १९५२ चा, कीरांचें इंग्रजी चरित्र १९५४ चें. म्हणजे दोन्ही या आठवणींच्या नंतरचीं, हें लक्षांत ठेवावें. एका साक्षीचे तीन उतारे झाले म्हणजे तीन साक्षी होत नाहींत. उलट पक्ष असा कीं, १९०० च्या नोंदींत प्रवेशाच्याच दिवशीं ‘आंबेडकर’ आहे, तेव्हां त्या शाळेंतील मास्तरांनीं नांव बदलण्यास अवकाशच कोठें राहिला. कोंकणांत गांवाच्या नांवास ‘कर’ लावण्याची चाल सर्वत्र आहे, तीवरून हें नांव आपोआप आलें.

जुन्या शाळांच्या नोंदवह्या ज्यांनीं हाताळल्या आहेत त्यांस ठाऊक आहे कीं वरच्या शाळेंत नांव लिहितांना कारकून खालच्या शाळेच्या दाखल्याची नक्कल करितो. बाबासाहेबांचें त्यापूर्वींचें शिक्षण साताऱ्यांतच कॅंपांतील शाळेंत झालें होतें. तेव्हां १९०० ची नोंद फार तर एवढें सिद्ध करील कीं नांवाचा बदल त्या दिवसापूर्वीं किंवा त्याच दिवशीं झाला होता. बदल करणारा कोण, हें ती सांगूं शकत नाहीं, आणि मास्तरांस खोटें पाडण्याचें सामर्थ्यही तिच्यांत नाहीं. स्मरणांत दोन शाळा एक होऊन जाणें हें अगदीं स्वाभाविक आहे. शिवाय दोन्ही पक्ष वाटतात तितके परस्परविरुद्ध नाहींत. नांवाचा उगम गांवांत व त्याचें सुटसुटीत रूप मास्तरांच्या लेखणींत, असें मानण्यास कोणताच कागद आड येत नाहीं. या वादांत जी एक गोष्ट दोन्हीकडचे लेखक विसरतात ती अशी कीं भाकरीची गोष्ट आडनांवावर अवलंबून नाहीं. उद्यां एखादा दाखला निघून नांवाची कथा ढांसळली, तरी फडकें आणि भाकरी जागच्या जागीं राहतील.

तिसरें साधन मुंबईचें आहे. कृष्णाजी अर्जुन केळूसकर हें नांव शिवचरित्राच्या अभ्यासकांस नवें नाहीं. ते विल्सन हायस्कुलांत शिक्षक होते. चर्नी रोडच्या बागेंत संध्याकाळीं एकटाच वाचीत बसणारा मुलगा त्यांच्या नजरेस पडला, त्यांनीं चौकशी केली व पुस्तकें देण्यास आरंभ केला, असें कीर लिहितात. हा मुलगा त्यांच्या वर्गांतला नव्हता. तो एल्फिन्स्टन हायस्कुलाचा. पुढें इंटर झाल्यावर शिक्षण खुंटण्याची वेळ आली तेव्हां केळूसकरांनींच सयाजीराव गायकवाड महाराजांकडे शब्द टाकला, आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ति मिळाली. परंतु सर्वांत दूरवर पोंचलेली देणगी म्हणजे एक पुस्तक. केळूसकरांनीं लिहिलेलें गौतम बुद्धाचें चरित्र १८९८ मध्यें प्रसिद्ध झालें होतें, त्याची एक प्रत त्यांनीं एका सत्कारसभेंत या विद्यार्थ्यास दिली.

ती सभा केव्हांची? कीरांच्या चरित्राप्रमाणें १९०७ ची, मॅट्रिक झाल्यानंतरची. अध्यक्ष सीताराम केशव बोले. बाबासाहेबांनीं स्वतः १९५६ त ‘द बुद्ध ॲंड हिज धम्म’ या ग्रंथास जी प्रस्तावना लिहिली तींत मात्र ही सभा इंग्रजी चौथी उत्तीर्ण झाल्यानंतरची आहे व अध्यक्षस्थानीं केळूसकरच आहेत. वडिलांनीं आधीं सभेस नकार दिला, मुलाच्या डोक्यांत हवा जाईल म्हणून. मग लोकांनीं केळूसकरांस मध्यें घातलें, असा तपशीलही तींत आहे. या प्रस्तावनेची गोष्ट ग्रंथसंग्राहकांस विशेष वाटेल. ग्रंथ लेखकाच्या मृत्यूनंतर, १९५७ त निघाला, आणि त्या पहिल्या आवृत्तींत ही प्रस्तावना छापलीच नाहीं. पहिली आवृत्ति संग्रहीं असल्याचा अभिमान बाळगणाऱ्यांपाशीं नेमकें हेंच पान नसतें.

इयत्ता निराळी, अध्यक्ष निराळा. तारखेपुरतें आम्ही १९०७ कडे झुकतों, कारण मॅट्रिक ही त्या काळीं ज्याकरितां सभा भरावी अशी परीक्षा होती. ‘इतर समाजांत एवढ्याशा यशाचें कोणी कौतुक केलें नसतें’ अशा आशयाचें जें विधान प्रस्तावनेंत आहे तें चौथीस अधिक जुळतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु पन्नास वर्षांनंतरच्या स्मरणांत इयत्ता व अध्यक्ष हलले तरी जें हललें नाहीं तें पाहावें: केळूसकर, वडिलांचा संकोच, आणि हातांत आलेलें पुस्तक. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास बाबासाहेबांनीं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. एका पुस्तकानें दीक्षा घडली असें म्हणणें बालिशपणाचें होईल. मधल्या वर्षांचें वाचन, लढे, निराशा हीं सर्व कारणें आहेत. तथापि ज्यानें दीक्षा घेतली त्यानेंच, आयुष्याच्या शेवटच्या वर्षीं, या वाटेचा आरंभ सांगतांना त्या मास्तरांचें नांव प्रथम घेतलें आहे. आमच्या मतें ही साक्ष कारणाची नसून कृतज्ञतेची आहे, आणि कृतज्ञतेची म्हणून ती अव्वल आहे.

येथवरच्या सर्व साक्षी प्रौढपणींच्या झाल्या. मूल मूल असतांनाच बोलल्याचें उदाहरण फारच विरळा. एक आहे, तें पुण्याचें. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेंत शिकणारी मुक्ता साळवे या मांग समाजांतील मुलीनें मांगमहारांच्या दुःखाविषयीं एक निबंध लिहिला, व तो ‘ज्ञानोदया’नें १५ फेब्रुवारी व १ मार्च १८५५ च्या अंकांत छापला. त्यांत गुरूंची स्तुति शोधूं जाणारा निराश होईल. विषय दुःखाचा आहे आणि मुलीनें तो सोडलेला नाहीं. पण जिच्या समाजास अक्षर शिवूं दिलें जात नव्हतें त्या मुलीनें थोडक्या वर्षांच्या शिक्षणावर धर्मास प्रश्न विचारावे, आणि तो मजकूर कोणी जपून छापखान्यापर्यंत न्यावा, एवढ्यावरून त्या वर्गांत तिच्याशीं कसें वागत असतील हें अनुमान करण्यास हरकत नाहीं. छापला गेला म्हणून तो राहिला. तशा वर्गांतून न छापलेल्या वह्या रद्दींत किती गेल्या असतील!

हें सर्व येथें मांडण्याचें कारण संग्राहकांच्या एका संवयींत आहे. दप्तर हातीं आलें कीं आपण सनदा, वतनाचे कागद, पत्रव्यवहार निराळे काढतों, व मुलांच्या वह्या, कित्ते, शाळेचे दाखले, बक्षिसाचीं पुस्तकें हीं ‘किरकोळ’ म्हणून बांधून टाकतों. आम्हीही तेंच करीत आलों. कांहीं वर्षांपूर्वीं एका जुन्या घरांतील गठ्ठा आम्ही घेतला, त्यांत मोडी कित्त्याची एक वही होती. डाव्या अंगास गुरुजींचें अक्षर, उजव्या अंगास मुलाचें. पहिल्या पानांवर मुलाचें अक्षर वांकडें, गुरुजींनीं प्रत्येक ओळीखालीं पुन्हां तीच ओळ काढून दिलेली. मागें मागें गुरुजींच्या ओळी विरळ होत जातात. वही जीर्ण म्हणून आम्ही ती बांधावयास दिली. बांधणाऱ्यानें सुबकपणासाठीं कडा कापल्या, आणि कोरें दिसणारें पुठ्ठ्याआंतलें पान फेंकून दिलें. त्या पानावर कोपऱ्यांत बारीक अक्षरांत दोन ओळी होत्या. आम्ही त्या वाचून ठेविल्या होत्या, उतरून मात्र घेतल्या नव्हत्या. त्यांतलें मुलाचें नांव आठवतें. गुरुजींचें आठवत नाहीं.

तेव्हांपासून आम्ही बांधावयास देण्यापूर्वीं कोरीं पानेंही मोजतों, बक्षिसाच्या पुस्तकांवरील देणाऱ्याचें नांव व तारीख वेगळ्या वहींत उतरतों, आणि शाळेचा दाखला मिळाला तर तो सनदांच्याच पेटींत ठेवतों. कॅंपांतील त्या शाळेचा एखादा जुना दाखला किंवा नोंदवहीचें पान सातारा भागांतील कोणा वाचकाच्या संग्रहीं असेल, तर त्यानें त्याची नक्कल, शाईचा रंग व खाडाखोड यांच्या टिपणासह, या त्रैमासिकाकडे धाडावी. छायाचित्र धाडल्यास पानाच्या चारी कडा त्यांत आलेल्या असाव्या.